गुंडाप्पांचा रुमालाखालचा सौदा

गुंडाप्पांचा जन्म मेंढ्या-बोकडांच्या व्यापारात गेला. बार्शीचा, सांगोल्याचा, अक्कलकोटचा बाजार त्यांच्या पायाखालचा. आता गुडघे कुरकुरतात म्हणून व्यापार सुटला, पण खोड काही गेली नाही. कोथिंबिरीची एक जुडी घ्यायची असली तरी ते बोलणं रंगवत न्यायचे, आणि वैतागून भाजीवालीनं ती फुकटच पुढं केली तर तिच्यावर रागावायचे. घासाघीस नसेल तर कोथिंबिरीला चव कसली? अशा माणसाच्या दारात एक दिवस बिल्डर येऊन उभा राहिला. गुंडाप्पांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

बिल्डरचं नाव अमरेश. सोलापूरचाच, तरुण, पांढरी गाडी आणि कानात सतत काहीतरी खोचलेलं. शहराबाहेर कुंभारी गावात रस्त्याकडेला गुंडाप्पांचं पत्र्याचं घर आणि पुढं-मागं मोकळी जागा, असे मिळून आठ गुंठे. घर बांधलं तेव्हा आजूबाजूला नुसतं माळरान होतं. आता दोन्ही बाजूंच्या जमिनी अमरेशनं घेतल्या होत्या आणि मध्ये गुंडाप्पांचं घर दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं राहून गेलं होतं. इमारतीचं फाटक नेमकं तिथंच यायचं होतं.

अमरेशनं पेढ्यांचा बॉक्स ठेवला आणि इमारतीचं रंगीत चित्र पसरलं. जागेच्या बदल्यात रोख रक्कम, शिवाय त्याच इमारतीत एक फ्लॅट. खाली बाग, बागेत निळाशार पोहण्याचा तलाव. गुंडाप्पांनी चष्मा सारखा करून चित्र न्याहाळलं.

"कातरायच्या आदी मेंढरं धुवायला झ्याक हाय की हे," ते म्हणाले.

अमरेश हसला आणि भावाचं बोलायला लागला. गुंडाप्पांनी लगेच त्याच्या तोंडापुढं हात धरला. "तोंडानं न्हाय. भिताडापल्याड माणसं कान लावून बसल्याली असत्यात." त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, अमरेशचा हात आपल्या हातात घेतला आणि दोन्ही हातांवर तो पसरला. बाजारात सौदा असाच होतो. भाव बोटांनी सांगायचा, जितकी बोटं दाबली तितका आकडा. बघणाऱ्याला दिसतात ती फक्त दोन माणसांची तोंडं, आणि मुरलेल्या व्यापाऱ्याच्या तोंडावर काही म्हणजे काही दिसत नाही.

अमरेशला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. गुंडाप्पांनी आधी त्याला सगळी खूण शिकवली, मग त्याच खुणेनं त्याला घाम फोडला. अमरेश एक बोट दाबायचा, गुंडाप्पा आभाळाकडं बघायचे. अमरेश दुसरं दाबायचा, गुंडाप्पा हात सोडवून तंबाखू मळायला घ्यायचे. शेजारची दोन माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली. शेवटी गुंडाप्पांनी रुमाल झटकला, "दिली!" म्हणाले आणि अमरेशच्या पाठीवर थाप मारली. कितीला दिली ते कुंभारीत आजही कुणाला ठाऊक नाही.

रुमालाखाली दिलेला शब्द गुंडाप्पांनी उभ्या आयुष्यात फिरवला नव्हता. सौदा झाल्यावर कुणी दुप्पट भाव घेऊन आलं तरी ते मान हलवायचे. बाजारात त्यांची इज्जत होती ती या एका गोष्टीमुळं, आणि त्यांना ती जिवापाड प्यारी होती.

"मग मामा, मामींना बोलवा की," अमरेश म्हणाला. "उतारा त्यांच्या नावावर आहे. सही त्यांची लागणार."

गुंडाप्पा हे साफ विसरले होते. व्यापारात हात कधी पोळतील याचा नेम नसतो, निदान घर तरी वाचावं म्हणून त्यांनीच जागा बायकोच्या नावावर घेतली होती. "तिचं काय, करती की सही," म्हणत ते आत गेले.

तानाबाई उखळात शेंगांची चटणी कुटत होत्या.

"सही करायचीया."

"कशावर?"

"जागा इकली."

"कुणाची?"

गुंडाप्पा गडबडले. "आपली."

"आपली व्हय? मग मला कुणी इच्यारलं?"

"अगं, भाव लई चांगला लागलाय."

"मी भाव इच्यारला न्हाय." तानाबाईंनी मुसळ बाजूला ठेवलं. "लगीन झाल्यापास्नं ह्या बाजारातनं त्या बाजारात मेंढरामागं हिंडले तुमच्यासंगं. सांजच्याला येऊन म्हणायचं, उद्या हलायचं. की मी घोड्यावर बिऱ्हाड लादायची. आपला पोरगा अजिनाथ तापानं फणफणला हुता तवाबी लादलं. एकदा तरी इच्यारलं का वो, हलायचं का म्हणून?"

गुंडाप्पा उभ्याउभ्या ओशाळले. एकदा तरी विचारलं असेल म्हणून त्यांनी मनातल्या मनात सगळे तळ धुंडाळले, पण तसं काही सापडेना. बाहेर अमरेश चहाची बशी घेऊन वाट बघत होता. बायको नाही म्हणाली तर इतक्या वर्षांचा शब्द मातीत जाणार होता. तरी ते उखळापाशी खाली बसले.

"तानाबाय, जायाचं का हितनं?"

तानाबाईंनी मुसळ पुन्हा हातात घेतलं. "इच्यार करू द्या की," त्या म्हणाल्या.

त्यांनी मग सावकाश विचार केला. पेढे आता तानाबाईंच्या हातात पडायला लागले. अमरेशनं त्यांना गाडीत बसवून शहरातला नमुन्याचा फ्लॅट दाखवला. त्या लिफ्टमधून वर गेल्या, खाली आल्या, पुन्हा वर गेल्या. बाल्कनीत उभं राहून त्यांनी वारा खाल्ला, नळ सोडून बघितले आणि शेळ्या कुठं बांधायच्या ते विचारलं. इकडं गुंडाप्पा बायकोच्या तोंडाकडं बघत घरभर हिंडायचे, पण त्या चेहऱ्यावरचं काही वाचता येत नव्हतं. एवढी मुरलेली व्यापारी घरातच आहे हे त्यांना इतक्या उशिरा कळलं.

एका सकाळी चहाचा कप पुढं ठेवता ठेवता तानाबाई म्हणाल्या, "न्हाय."

"का गं? फ्लॅट आवडला न्हाय?"

"आवडला की. लई आवडला."

"मग?"

"आजवर कुणी इच्यारलंच न्हवतं. आता इच्यारलं, तर न्हाय म्हणून बघावं वाटलं."

गुंडाप्पांनी चहा संपवला. अंगणात जाऊन त्यांनी अमरेशला फोन लावला. पलीकडून बराच वेळ आरडाओरडा आला. मामा, तुम्ही शब्द दिला होता, मामा, तुमचा शब्द कधी फिरत नाही म्हणाला होतात.

"दिला हुता," गुंडाप्पा म्हणाले. "आता फिरवतोय. लाज वाटती, पर फिरवतोय. मालकीण न्हाय म्हणती."

शेवटचं वाक्य त्यांनी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, आत ऐकू जाईल असं.