सज्जनबाईंचे तपस्वी

धुळ्यात भिकमचंदांच्या कापड दुकानापेक्षा त्यांच्या पत्नीचा, सज्जनबाईंचा आवाज जास्त प्रसिद्ध होता. ही पन्नाशीची बाई गावातल्या धर्मादाय दवाखान्यात दूध वाटायला म्हणून गेली आणि तिथलीच होऊन बसली. जन्मतः फाटलेल्या ओठाच्या मुलांचे ओठ शिवायला बाहेरगावचे एक सर्जन वर्षातून एकदा येत आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जात. त्या मुलांना ऑपरेशनला तयार करायचं काम सज्जनबाईंनी कुणी न सांगता अंगावर घेतलं होतं.

अडुसष्ट साली मोठा घोळ झाला. भुलीआधी पोट रिकामं हवं म्हणून प्रमिला सिस्टरनं आयांना सांगितलं, "पोरांना उपास." आयांनी पहाटे उठून साबुदाण्याची खिचडी केली! उपासाला दुसरं काय करणार बिचाऱ्या? पोरं तशीच्या तशी घरी परतली.

"आम्हा जैनांत असं नसतं हो," सज्जनबाई म्हणाल्या. "उपास म्हणजे तोंडाला कुलूप. आणि तो करणारा तपस्वी, त्याची वाजतगाजत मिरवणूक!"

पुढच्या वर्षी त्यांनी तेच केलं. झिपरू ताशेवाल्याला दवाखान्यातच आणून बसवला. सज्जनबाईंच्या सावद्याच्या जावयानं पारण्यासाठी केळीचा अख्खा घड पाठवला. आयाबाप, सिस्टर, झिपरू, सगळे त्या सकाळी उपाशी. म्हणजे पोराच्या डोळ्यांपुढे घासच नको.

तीन वर्षांच्या निंबाला काय समजावणार? त्याच्याशी त्या चहाच्या गाळणीवर फडकं टाकून नाकाला लावायचा, भूल द्यायचा खेळ खेळल्या, आधी बाहुलीला, मग स्वतःला, मग त्याला. सज्जनबाई बेशुद्ध पडायच्या इतक्या झोकात, की निंबा हसून लोळायचा. सात वर्षांच्या जीवरामला सुई केवढी, टाके किती, सगळं हवं होतं. त्याला सगळं सांगून त्यांनी उपासाचा फौजदार नेमला. तो दिसेल त्याचं तोंड उघडून बघत फिरू लागला. सिस्टरचंही सोडलं नाही.

तेरा वर्षांची ताईबाई मात्र लांब दोंडाईच्याकडची शहाणी मुलगी. काका झुलाल तिला घेऊन आला होता, आई गावीच राहिली होती. तिला सज्जनबाईंनी बाजूला बसवून खरंखुरं सांगितलं. दुखेल, सूज येईल, मग बरं वाटेल. मिरवणूक लहानांची, तू मोठी, असंही सांगितलं. ताईबाईनं मान हलवली.

निंबा ढकलगाडीवर बसून, डोक्याला फेटा, ताशाच्या गजरात आत गेला. जीवराम तर हात हलवत गेला, जसा काही आमदार. वॉर्ड नुसता नाचत होता. आणि ताईबाईचा नंबर आला तेव्हा ती म्हणाली, "मी केळं खादं."

सगळं थंड पडलं. सिस्टरनं कपाळाला हात लावला. आज राहिलं की वर्षभर राहिलं. झुलाल पुतणीवर धावून जाणार, तेवढ्यात सज्जनबाईंची नजर घडाकडे गेली. घड होता तसा. एकही केळं तुटलेलं नाही, आणि सगळी हिरवीगार, दगडासारखी. त्या पोट धरधरून हसल्या. "अगं, खोटं तरी पिकलेलं बोलायचं!"

मग त्यांनी तिला व्हरांड्यात नेलं. "भीती वाटते?"

"नही." ताईबाई खाली बघत राहिली. "बठ्ठा पोरेसना बाजा वाजना, अक्का. मना नही. मनी माय म्हनस, तुना दारवर कधी बाजा येवाव नही."

सगळ्या पोरांचा बाजा वाजला, हिचा नाही; आणि असल्या ओठाच्या मुलीच्या दारी लग्नाचा बाजा कधी येणार नाही, हे आईनंच सांगून ठेवलेलं. मोठी मोठी म्हणून आपणही हिला कोरडी ठेवली, याचा सज्जनबाईंना भयंकर राग आला, स्वतःचाच. डोळे पुसायला वेळ नव्हता. त्यांनी स्वतःचा भरजरी शालू मागवला नसता तर त्या सज्जनबाई कसल्या! दुकानामागचं घर जवळच होतं. तो मुलीच्या खांद्यावर टाकला, तिला ढकलगाडीवर निजवलं आणि त्या ओरडल्या, "झिपरू, लग्नाचं वाजव!"

उपाशी झिपरूनं असा ताशा बडवला की खिडक्यांची तावदानं थरथरली. झुलाल रडत रडत नाचू लागला. सर्जन तणतणत बाहेर आले.

"हा दवाखाना आहे की लग्नघर?"

"आज दोन्ही, डॉक्टरसाहेब," सज्जनबाई म्हणाल्या. "पोट रिकामं आहे, मी जामीन."

डॉक्टरांनी गाडीवरच्या मुलीकडे पाहिलं आणि स्वतःच दार उघडून धरलं. दारातून आत जाता जाता ताईबाई उठून बसली.

"जोरमा वाजाडा ना!" ती ओरडली. "मनी माय दोंडाईचाले शे!"