उंदीरमामाचं गुणकारी औषध

भाचरांनी त्याचं नाव उंदीरमामा ठेवलं होतं आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. मामा प्रयोगशाळेत सुई टोचून उंदरांना विसराळू करायचा आणि औषध देऊन त्यांच्या मेंदूच्या पेशी वाचवायचा. बिनऔषधाचा उंदीर पाण्याच्या टाकीत नुसता गोल गोल पोहत राही. औषधवाला मात्र पाण्याखाली लपवलेला चौथरा बरोबर शोधून वर ऐटीत बसे. मामाला गहिवरून यायचं.

यथावकाश वर्तमानपत्रात फोटो छापून आला. उंदीर ठळक, मामा पुसट. तो कागद हातात घेऊनच ताई प्रयोगशाळेत येऊन थडकली. आई ताईकडेच असे. मामा सवड मिळाली की भेटायला जायचा, आणि सवड काही मिळायची नाही.

"आईला हे औषध दे बाबा. काल मलाच विचारत होती, 'बाई, तुम्ही कुणाकडे आलात?' तुला अजून ओळखते. ते जायच्या आत दे."

मामाने घसा खाकरला. "ताई, हे आजार व्हायच्या आधी द्यावं लागतं. आदल्या दिवशी."

"आदला दिवस कळायचा कसा?"

"उंदरांचं सोपं असतं गं. आजार आम्हीच देतो ना!"

ताईने कपाळावर हात मारून घेतला. "म्हणजे आईचा आजार न कळवता आला, ही त्याचीच चूक! बरं, तुला तर अजून काही झालेलं नाही. तू घेतोस का रोज?"

"माणसांना चालतं की नाही, ते अजून माहीत नाही," मामा पुटपुटला.

"मग एवढा फोटो कशाचा छापलाय?"

"उंदराचा."

"औषध राहू दे. तू तरी ये."

मामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण उंदरांची चाचणी तोंडावर होती आणि त्यांना ताटकळत ठेवणं बरं दिसत नव्हतं. ती झाली, मग दुसरी आली. अखेर एकदाचा तो ताईकडे गेला, तेव्हा आई खिडकीशी बसली होती. तिने त्याला आदराने खुर्ची दाखवली.

"आपण काय करता?"

मामा खुर्चीच्या कडेवर टेकला. "उंदरांना औषध देतो."

आईचा चेहरा एकदम खुलला. "अगंबाई! माझा मुलगाही तेच करतो. भेटला तर सांगा हो त्याला, आईने जेवायला बोलावलंय."