गणू म्हणे

आमच्या साडूंइतका चुकीचा माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांवर झाला नाही, हे मी देवळात उभा राहून सांगेन. फक्त त्यांचं नेमकं काय चुकलं, एवढंच मला अजून सांगता येत नाही. मी मराठी दुसरी शिकलेला माणूस. पण जे कळतं ते पक्कं कळतं आणि एकदा बोललो की शब्द मागे घेत नाही. साडूंच्या बाबतीत मात्र माझे शब्द कधी इकडे पडतात, कधी तिकडे.

आम्ही दोघंही शिंपी. पुणतांब्यात माझं दुकान वेशीजवळ, त्यांचं मारुतीच्या पाराला लागून. बायका सख्ख्या बहिणी, त्यांची थोरली, म्हणून मी मान द्यायचा. धंद्यात म्हणाल तर तो मान त्यांनी कधी कमावला नाही. गळ्यात टेप असायची ती उपरण्यासारखी, शोभेला. गिऱ्हाईक मापाला उभं राहिलं की हे त्याच्या तोंडाकडे बघत बसत आणि म्हणत, "आलं ध्यानात." ध्यानात काय आलं ते सदरा घातल्यावर कळे. कुणाच्या बाह्या गुडघ्याशी, कुणाचं पोट उघडं. गिऱ्हाईकं तरी किती भांडणार? शेवटी सणाच्या आदल्या दिवशी सगळी पारावर जमत आणि आपसात कपडे बदलून घेत. बांधावरून वैर धरलेल्या दोन चुलतभावांना एकमेकांचे सदरे बरोब्बर बसले आणि त्यांच्यात बोलणं सुरू झालं, असं आमची मेव्हणी अभिमानानं सांगे. यात साडूंचा हात किती आणि चूक किती, हे देवालाच ठाऊक.

दुसरी खोड अभंगांची. कापड बेतता बेतता ओळ सुचली की हे खडूनं त्याच कापडावर लिहीत आणि तसंच शिवून टाकत. एकदा पाटील जमिनीच्या दाव्यासाठी नगरला कोर्टात गेले. उकडलं म्हणून कोट काढला, तर अस्तरावर ठळक अक्षरांत 'माझे माझे काय, सारेच उसने'. वकिलानं म्हणे त्या दिवशी घाबरून पुढची तारीख मागून घेतली.

अभंग करणं हे आमच्या गावात नवल नव्हतं. कुंभार करी, लोहार करी, ज्याला जुळलं तो करी. शेवटच्या चरणात करणाऱ्यानं आपलं नाव घालायचं, एवढीच रीत. मग लढाईच्या दिवसांत, कापड कंट्रोलवर मिळायला लागलं त्या सुमाराला, गावात पटकी आली. आम्ही घरं सोडून रानात पालं ठोकून राहिलो. परत आलो तेव्हा भजनाच्या बैठकीत अर्ध्या जागा मोकळ्या होत्या. माझा धाकटा भाऊ गणू त्यातच गेला. सकाळी मशिनीवर बसला होता, दिवेलागणीला नव्हता. मी त्याच्या मशिनीवर धडपं टाकलं आणि त्याचं नाव घरात काढायचं नाही असं सांगितलं. कुणी काढलं नाही. भजनही बंद पडलं.

आणि एका एकादशीला, भर दुपारी, आमचे साडू एकटेच पारावर बसून नवा अभंग म्हणायला लागले. शेवटी नाव आलं ते 'किसन म्हणे'. किसन कुंभार तर पटकीत गेलेला. लोकांना काही कळेना. कुणी म्हणालं, मेलेल्याचं गाणं चोरलं. कुणी म्हणालं, किसन अंगात येतो. किसनची बायको भागा कामावरून तशीच उठून आली, हाताला चिखल. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या मालकानं देवाला जल्मात 'दयाळा' म्हनलं न्हाई. अरे-तुरे करायचे." साडूंनी मान हलवली आणि तिच्याचकडून ती ओळ दुरुस्त करून घेतली. पुढच्या एकादशीला लोहाराच्या नावानं गायले, तर लोहाराची आई भांडायला आली आणि कडवं सांगून गेली. असं करत एकेक घर चुका काढायला पारावर यायला लागलं.

मी गेलो नाही. मला असले चाळे पटत नाहीत. पण एके दुपारी दुकानात ऐकू आलं:

दीन मी पातकी, उभा तुझ्या दारी,
मला आता तारी, गणू म्हणे.

मी हातात कात्री होती तसा निघालो. माझ्या भावाचं नाव तेवढं उरलं होतं, आणि ते भलत्याच माणसाला चिकटून गावभर जाणार होतं.

"साडूभाऊ, गनूचं नाव काढा त्यातनं."

"का बरं?"

"त्यानं जल्मात एक ओळ केली न्हाई. टाळ वाजवायचा फक्त."

"सवड कुठं दिली तुमी? दिसभर काजं करून घेतली त्याच्याकडनं."

"आन तो असला रडका नव्हता. देवाच्या दारात गेला तरी आधी बिडी मागंल."

"बरं. मग काय म्हनंल?"

"काय म्हनंल? म्हनंल, सदरा अर्धाच ऱ्हायलाय, कशाला उठवलं मला? तुला एवढी कसली घाई झाली हुती?"

साडू बोटांवर अक्षरं मोजायला लागले. जास्त होत होती. मी म्हणालो, एकही काढणार नाही. ते म्हणाले, मग टाळ चुकंल, आणि गणूला टाळ चुकलेला चालत नव्हता. हे मात्र खरं होतं. ऊन उतरेपर्यंत आम्ही भांडलो. माझी कात्री कुणी काढून घेतली, कळलं नाही. शेवटी झालं ते असं:

सदरा अर्धाच, उठवलं मला,
घाई काय तुला, गणू म्हणे.

भागानं ते दोनदा म्हणून बघितलं. ती हसत होती की रडत होती, मला समजलं नाही. माझं मलाही समजत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी मशिनीवरचं धडपं काढलं. सुईखाली तो सदरा तसाच होता. मी तो पुरा केला.

त्यानंतर मी पारावर एकही एकादशी चुकवली नाही. कुणीतरी चुका काढायला हवंच होतं. साडू मुद्दाम वाईट अभंग करत की त्यांना तेवढेच जमत, हे मी त्यांना अनेकदा विचारलं. ते माझ्या तोंडाकडे बघत आणि म्हणत, "आलं ध्यानात."

ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. परवा सोनईच्या बाजारातून येताना एका बैलगाडीत बसलो. गाडीवान अनोळखी, तरणा पोर. बैलांच्या तालावर गुणगुणत होता:

उसवलं तिथं, पुन्हा घालू टाका,
घाबरू रे नका, गणू म्हणे.

हा मी केलेला नव्हता. पारावर कधी ऐकलेला नव्हता. साडूंनी गुपचूप केला म्हणावं, तर त्यात एकही चूक नव्हती. मी विचारलं, कुणाचा रे हा?

"कुनी गनूबुवा हुते म्हनं, बाबा. लई मोठे संत."

गणू संत नव्हता, बुवा नव्हता, त्याला एक ओळ जुळत नव्हती, आणि घाबरू नका असं तो आयुष्यात कुणाला म्हणाला नाही. सगळं जिभेवर आलं. मी नीट सावरून बसलो.

"व्हय," मी म्हणालो, "आमच्याकडचेच. परत म्हन जरा."