काचेतली वाफ

माझा कॅमेरा दुरुस्त करणारे रत्नागिरीतले काका लेन्स उघडली की श्वास रोखूनच काम करतात. लेन्सना ओल लागून आत बुरशी धरू नये म्हणून त्यांच्या कपाटात बारा महिने पिवळा बल्ब पेटता असतो. गिऱ्हाइकाने काचेवर फुंकर मारली की ओरडतात, "फुंकू नका हो! माणसाची वाफ आत ऱ्हाते."

आतून धुरकटलेली एक लेन्स मात्र ते कपाटाबाहेरच ठेवतात.

"ही नाही साफ करत?" मी एकदा विचारलं.

"बायकोची ती. फुंकूनच पुसायची. ती गेल्यापासून उघडली नाय मी."

मी वाकून पाहू लागलो, तशी त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. दोघांचेही श्वास थांबलेले होते. आतली वाफ मात्र हळूच पसरली, ओसरली, आणि पुन्हा पसरली.