दाराजवळचं स्टूल

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. चौसाळ्यात पंक्चर काढणारा तो माणूस प्रत्येक नट पुटपुटत तीनदा तपासतो. हिमालयात याचं डोकं फिरलं, असं लोक म्हणतात. आमच्या त्या मोहिमेचा प्रमुख म्हणून अहवालात तसं मीच लिहिलं. पुढे त्याला कुठल्याच मोहिमेत घेतलं नाही. खरं तर वादळात चार दिवस तंबूत कोंडून पडल्यावर चाकूने कापड फाडून पळायला निघालो होतो मी. त्याने मला धरून ठेवलं.

अजूनही मी गेलो की तो स्टूल दाराशी सरकवतो. "हितं बसा सर, वारं हाय. आत तुमाला कोंडतंय." त्याला राग कसा येत नाही, याचं मला नवल वाटतं.

परवा माफी मागायलाच गेलो. तोंडून निघालं, "सायकलीत हवा भर."

त्याने चाक दाबलं. "टाईट हाय की, सर," म्हणाला आणि तरीही पंप घेतला.