डाळिंबाची कात्री

हे लिहिणारच नव्हते मी. दोनदा टाईप केलं, दोनदा डिलीट केलं. पण कारभारीमामांचं कुणीतरी सांगायलाच पाहिजे.

मामा नर्सरीतनं रिटायर झालेले माळी. दाऊदभाई त्यांच्यासोबत तीस वर्षं तिथंच. लेकीकडं गंगापूरला राहायला जाताना दाऊदभाईंनी ट्रेमधला आपला वीतभर बोन्साय वड मामांकडं सोपवला.

"संभाल रे बाबा. आन् ह्याला डाळिंबाची कात्री लावू नको."

"मला शिकवतो व्हय? इतकी वर्षं काय गवत उपटलं का मी?"

आणि लावलीच की! एक जाड फांदी नडत होती, हाताला आली ती डाळिंब छाटायची सरळ पात्याची कात्री चालवली. खुंट राहिला, सडला, काळा डाग खोडात उतरायला लागला.

तेवढ्यात दाऊदभाईंच्या लेकीचा, सगीराचा फोन. "चाचा, अब्बाची तब्येत लई खराब हाय. तुमची याद काढतात."

"येतो बेटा." पण असलं झाड घेऊन कुठल्या तोंडानं जायचं? आधी जखम भरू दे, मग जाऊ.

गुलमंडी, शहागंज, शहरातली सगळी दुकानं पालथी घातली. सरळ पात्यानं खुंट राहतो. मामांना आत वळलेल्या गोल तोंडाची पाहिजे होती, लाकडात जरासा खळगा पाडणारी, म्हणजे साल सरकत येऊन जखम बुजवते. एक उजेडाला धरली तर पात्यांत फट. दुसरी लई जड, परत ठेवली.

"मामा, झाड छाटायचंय का नवरी बघायचीय?" दुकानदार हसला. मामा नाही हसले. तिसरीनं कागद टोकापर्यंत सर्रकन कापला, ती घेतली.

सडकं काढलं, चीक पुसला आणि साल भरायची वाट बघत बसले. पावसाळा गेला. सगीराचा परत फोन. "आलोच बेटा, थोडंच राहिलंय." दिवाळीत आलेला तिसरा फोन त्यांनी उचललाच नाही. काय सांगणार?

दिवाळीनंतर जखम मिटली. झाड मांडीवर घेऊन मामा जीपनं गंगापूरला गेले. सगीरानं दार उघडलं. दाऊदभाईंना जाऊन नऊ दिवस झाले होते.

"तेच सांगायला फोन केला होता, चाचा."

मामांनी नुसतं झाड पुढं केलं.

"अब्बाला ठाऊक होतं. म्हणायचे, त्यानं डाळिंबाचीच लावली असणार, म्हणून तोंड दाखवत नाय. मरू दे म्हणावं झाड, तू ये."

मामा तिथंच पायरीवर बसले.

तुम्हीपण कुणाकडं जायचं असताना, काहीतरी नीट करून मग जाऊ म्हणून थांबला असाल ना, तर थांबू नका. असाल तसे जा. प्लीज, याच आठवड्यात जा.