पल्लवीचं वाचन

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे — कदाचित तुम्ही आमच्या घरी कधी येणार नाही म्हणून.

तेरा वर्षांपूर्वी मी पुसदच्या एका शाळेत तिसरीला शिकवत होते. वय चौतीस, लग्न झालेलं नाही, आणि होईल ही आशाही सोडलेली. वर्गात पल्लवी राठोड होती. तिची आई दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेली होती. वडील, प्रल्हाद, बसस्टँडमागे मोटारपंप दुरुस्त करायचे. तिच्या वेण्याही तेच घालायचे — एक वर, एक खाली.

पालकसभेला ते आले आणि हाताचं ग्रीस बाकाला लागू नये म्हणून हात मांडीवर धरून बसले. "मॅडम, माही पोरगी कशी आहे?" एवढंच विचारलं. बाकीचे मार्क विचारतात.

मला ते आवडले. दुसरं काय सांगू? पोरगी चांगली आहे म्हटलं असतं, तर ते उठून गेले असते — आणि मग थेट सहामाहीलाच दिसले असते. म्हणून मी म्हणाले, "वाचनात कच्ची आहे. संध्याकाळी माझ्याकडे आणत जा."

ती कच्ची नव्हती. वर्गात तिच्याइतकं चांगलं कोणीच वाचत नव्हतं.

ते रोज तिला सोडायला यायचे, तासाभरानं न्यायला. आधी दारातच उभे राहायचे. मग चहा सुरू झाला. कधी तुरीच्या शेंगा आणायचे. "तुम्ही फीस घेत नाही, मले बरं नाही वाटून राह्यलं." मी हसायचे. दिवाळीपर्यंत मला त्यांच्या गाडीचा आवाज ओळखू यायला लागला होता.

आणि पल्लवी? आधी धडा वाचायला तिचा हात सर्वांत आधी वर जायचा. तो जाईनासा झाला. एकदा मीच नाव घेतलं, तर खाली बघत म्हणाली, "मॅडम, दुसऱ्या कोणाले सांगा ना. मी कच्ची आहो."

आठ वर्षांची पोर. मी एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. पण ते वाक्य मी बोलले की संध्याकाळी कोणी येणार नव्हतं — हे मला नीट कळत होतं. कळूनही मी गप्प राहिले. वर्षभर.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही लग्न केलं. जात वेगळी, म्हणून कळंबहून माझ्या माहेरचं कोणी आलं नाही. नंतर हळूहळू आले. प्रल्हाद अजून तसेच आहेत, कमी बोलणारे, पोटभर हसणारे. मी सुखात आहे. पल्लवी मला याडी म्हणते — त्यांच्या बोलीत आई.

गेल्या महिन्यात तिला नर्सची नोकरी लागली. शेजारच्या काकू आल्या, तेव्हा ती पेढे देत सांगत होती, "मले तर वाचताच येत नव्हतं, काकू. याडीनं रोज घेऊन बसून शिकवलं, म्हणून इथवर आली."

प्रल्हाद माझ्याकडे कौतुकानं बघत होते. मला ते गोड लागलं — हेही सांगायलाच हवं.

मग ती वाकली, माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.